मोठा मासा म्हणजे मी, असं हे म्हणायचे

नमस्कार. या ग्रुपवर आमचे हे लिहायचे. ते जाऊन चार महिने झाले. त्यांच्याच अकाउंटवरून आज मी लिहितेय.

घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत त्यांनी क्लाउनफिशची जोडी पाळली होती. त्यातला मोठा मासा गेल्या आठवड्यात मेला. लहान मासा कोपरा सोडेना, नीट खाईना. म्हणून आज परळला त्यांच्या नेहमीच्या दुकानात गेले आणि म्हटलं, "एक मोठा नर द्या."

दुकानदार म्हणाला, "वहिनी, या माशांत मोठी असते ती मादी. पिल्लं सगळी सारखीच, ना नर ना मादी. जे दादागिरी करतं, ते वाढून मादी होतं. आता तुमचा उरलेला नरच मादी होईल. त्याच्याहून लहान पिल्लू न्या."

मला हसू आलं. मोठ्याकडे बोट दाखवून हे म्हणायचे, "हा मी. मागेमागे फिरते ती तू." ते त्याला सांगितलं.

"भाऊंना माहीत होतं. मीच सांगितलेलं. म्हणाले, घरी बोलू नकोस, नाहीतर ही माझ्या डोक्यावर मिरे वाटायला लागेल."

दुकानात डोळे पुसावे लागले.

पिल्लू टाकीत सोडलं. आमचा मासा त्याच्या अंगावर धावला, तसं ते आडवं होऊन थरथरलं. असं थरथरलं म्हणजे ते नमतं घेतंय, असं दुकानदार म्हणाला होता. संध्याकाळी आमच्या माशाने चार दाणे खाल्ले.

तुमच्याकडे जोडी जमायला किती दिवस लागले? हे विचारायला आता मला तुम्हीच आहात.