नवीची किळस

लग्न असो, बारसं असो की तेरवीचं जेवण असो, नवी कधी आत मांडवात बसली नाही. ती दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ खुर्ची ओढून बसायची. अंगावर चांगली काठाची साडी, केसांत गजरा आणि नाकाला पदर. लोकांना वाटायचं, हिला आपल्या चपलांची भारी काळजी. खरं कारण आमच्या घरातच ठाऊक होतं. मला फिट आली की गर्दीतून कुणीतरी हमखास चप्पल आणायला धावायचं, माझ्या नाकाला लावायला. त्याच्या वाटेत नवी बसलेली असायची. "चपलेले हात लावून त पाहा," एवढंच ती म्हणायची. तिचा चेहरा बघून माणूस रिकाम्या हातानं परतायचा.

नवी म्हणजे माझ्या वडिलांची दुसरी बायको. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. बाबा बडनेऱ्याला रेल्वेत होते, ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. दोन वर्षांनी त्यांनी अकोल्याजवळच्या एका भाजीमळा करणाऱ्या घरातली मुलगी केली. घरात सगळे तिला "नवी" म्हणायला लागले. नवीनं स्वयंपाक केला का, नवीला विचारा, असं. सोळा वर्षं झाली तरी ती नवीच राहिली. मीही तिला तेच म्हणायचे. शेजारच्या बाईनं एकदा मला टोकलं, तेव्हा नवीच म्हणाली, "म्हणू द्या. जुनी झाली का सांगन ते मले."

तिच्याइतकी किळस येणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी ती पीत नसे. कोथिंबिरीची जुडी पाच पाण्यांतून काढायची. किराणा दुकानदारानं पिशवी उघडायला बोट जिभेला लावलं की सामान तिथंच ठेवून निघायची. तिच्या तोंडात एक शब्द कायम असे, "ओंगळ". माणसांची तिनं दोनच गटांत वाटणी केली होती, आणि दुसऱ्या गटात फार थोडी माणसं होती.

अशा बाईच्या पदरात मी पडले, तेही तिला फसवून. मला मिरगी आहे हे लग्न ठरवताना कुणी तिच्या घरी सांगितलंच नव्हतं. लग्नानंतर चौथ्या दिवशी घरात सत्यनारायण होता. प्रसाद वाटता वाटता मी पडले. तोंडाला फेस आला, कपडे ओले झाले. माझी आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, दाराकडे धावली आणि स्वतःची चप्पल आणून तिनं माझ्या नाकाला दाबली. नवी तोंडावर पदर धरून मागच्या अंगणात गेली. ती ओकली, ते सगळ्यांनी ऐकलं. आता ही संध्याकाळच्या गाडीनं माहेरी जाणार, असं बायका कुजबुजू लागल्या. ती चूळ भरून परत आली आणि आत्याच्या हातातली चप्पल घेऊन विचारू लागली, "कोणाची हाय हे?"

"माई हाय," आत्या म्हणाली.

नवीनं ती चप्पल भिंतीपलीकडच्या नालीत फेकली. मग विचारलं, "पोरीले मिरगी हाय, हे मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं त तू आली असती का?"

"आली असती नाहीतर नसती आली. ते मी ठरवलं असतं. लय ओंगळ लोक आहा बाप्पा तुमी."

हे सगळं मला नंतर इतरांकडून कळलं. माझ्या फिटा मी स्वतः कधी पाहिल्या नव्हत्या. मला आठवतं ते जाग येतानाचं. कपाळावर ओलं फडकं फिरतंय, कपडे बदललेले आहेत, आणि मागच्या अंगणात नवी ओकते आहे. दर वेळी हाच क्रम. ती आधी मला कुशीवर वळवायची, फिट थांबली की पुसायची, कपडे बदलायची आणि मग ओकायला जायची. त्या पहिल्या दिवसानंतर ती आधी कधी गेली नाही.

बी.कॉम. झाल्यावर मी अमरावतीला राजापेठेत एका खोलीत लहान मुलांची शिकवणी सुरू केली. चौदा मुलं होती. एका दुपारी पाढे म्हणून घेता घेता मला फिट आली. दुसऱ्या दिवशी तीनच मुलं आली, तिसऱ्या दिवशी एकही नाही. घरमालकीण त्या खोलीची फरशी फिनाईलनं पुसून घेत होती, मी उभी असताना, माझ्या पायांपाशी. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा नवी वांगी चिरत होती. "फरशीले फिनाईल लावून राहिली थे," ती म्हणाली, "अन् तोंडाले कोण लावन तिच्या?" विळी बाजूला ठेवून ती उठली. "बस झालं. त्या डॉक्टरनं ऑपरेशनचं म्हटलं होतं ना? चाल."

अमरावतीच्या डॉक्टरांनी ते वर्षभरापूर्वीच सुचवलं होतं. तीन तऱ्हेची औषधं करून झाली होती, फिटा थांबत नव्हत्या. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला, कानशिलाच्या आत, एक जुना व्रण दिसत होता. फिट तिथूनच सुरू होते हे सिद्ध झालं तर तेवढा भाग काढता येणार होता. पण आधी तपासण्या, आणि त्यासाठी अकोल्याच्या एका हॉस्पिटलात आठवडाभर राहायचं. तिथं भरतीचा फॉर्म भरताना कारकुनानं विचारलं, "नातं?"

"आई," नवी म्हणाली.

त्यानं कागदांवरची नावं, वयं पाहिली. "सख्खी?"

"त्याचा रकाना हाय का फॉर्मात? नाही ना? मंग लिहा चूपचाप."

ती तपासणी फार विचित्र. माझ्या डोक्याला चिकट लेप लावून पंचवीसेक वायरी चिकटवल्या. समोर भिंतीवर कॅमेरा. औषधं कमी केली, झोप कमी केली. आणि मग वाट पाहायची, फिट येण्याची. सोळा वर्षं जी येऊ नये म्हणून नवीनं माझे उपास बंद केले, मला विहिरीकडे, गॅसकडे एकटीला जाऊ दिलं नाही, ती आता यायला हवी होती. एक नाही, निदान दोन-तीन. टेक्निशियन मुलीनं नवीच्या हातात एक बटण दिलं. फिट आली की ते दाबायचं, पांघरूण ओढून काढायचं, कॅमेऱ्याच्या आड यायचं नाही, आणि पेशंटला नाव विचारत राहायचं.

तीन दिवस काहीच झालं नाही. लेपाला वास यायला लागला, डोकं खाजून खाजून मी रडकुंडीला आले. नवी पलंगाशेजारी स्टुलावर बसून राहायची. चौथ्या दिवशी सकाळी ती हात जोडून मोठ्यानं म्हणाली, "येऊ दे रे बाप्पा एक डाव. येऊ दे पोरीले झटका."

नेमकी त्याच वेळी आत्या केळी घेऊन दारात उभी होती. ती आत आलीच नाही. केळी बाहेरच्या बाकावर ठेवून परत गेली. संध्याकाळपर्यंत अमरावतीच्या सगळ्या नातेवाइकांना कळलं होतं की सावत्र आई देवाजवळ पोरीसाठी झटके मागते आहे. आत्यानं मलाही फोन केला. मी नवीला विचारलं, "खरंच मागत होतीस?"

"हो," ती म्हणाली. "अन् माई मलेच किळस आली."

दुसऱ्या दिवशी दुपारी फिट आली. नवीनं बटण दाबलं. पण माझा गाऊन मांडीपर्यंत सरकला होता, आणि शेजारच्या खोलीतले दोन पुरुष दारात येऊन बघत उभे राहिले होते. त्यातल्या एकानं मोबाइल वर धरला होता. नवीनं पांघरूण काढण्याऐवजी माझ्यावर आणखी एक चादर टाकली आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून माझ्यापुढं उभी राहिली.

"मावशी, काहीच दिसलं नाही हो!" टेक्निशियन मुलगी कळवळून म्हणाली. "चेहरा कुठं वळला, हात कुठला वाकडा झाला, तेच तर बघायचं असतं. ही फिट वाया गेली."

वाया गेली, हा शब्द नवीला फार लागला, असं पुढं त्या मुलीनंच मला सांगितलं. मी भानावर आले तेव्हा ती खोलीत नव्हती. तासाभरानं परत आली ती बाजारातून माझ्यासाठी नाडीचे दोन पायजमे घेऊन. दाराची कडी तपासली. मग त्या मुलीला म्हणाली, "शिकव मले आता. एक एक सांग. मी पाठ करतो."

सहाव्या आणि सातव्या दिवशी आणखी दोन आल्या. त्या दोन्हींचं चित्रण पुढं डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगण्यासाठी संगणकावर लावलं. मी बघू का, असं विचारलं तर ते म्हणाले, तुमची इच्छा असेल तर. मी स्वतःला तसं पहिल्यांदा पाहिलं. डोळे एका बाजूला फिरलेले, उजवा हात वाकडा, ओठ चोखल्यासारखे हलतायत. मला स्वतःची शिसारी आली, खोटं कशाला सांगू? मग माझं लक्ष नवीकडे गेलं. ती मला कुशीवर वळवून एका बाजूला सरकली होती, कॅमेऱ्याच्या वाटेतून दूर. माझ्या तोंडातून फेस गळत होता, पायजमा ओला होत होता. चेहऱ्यावर कापड, हात काही आणायचं नाही, असं त्या मुलीनं बजावलं होतं. नवीनं दोन्ही हात पाठीमागं घेतले होते आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरून ठेवलं होतं. बोटं पांढरी पडलेली दिसत होती. आणि आवाज अगदी शांत. "नाव सांग बाई तुयं. हात वर कर. हे काय हाय माया हातात? सांग बरं." मी सांगत नव्हते. ती परत विचारत होती. तीन मिनिटं ती तशी उभी होती. मी घरी पडले असते तर एवढ्या वेळात तिनं मला पुसून स्वच्छ केलं असतं.

मग एका बाईंनी माझी आठवणीची परीक्षा घेतली. पंधरा शब्द वाचून दाखवायचे, मी परत सांगायचे. मला जेमतेम सहा सांगता आले. डॉक्टर म्हणाले, फिट त्याच जागेतून सुरू होते, ऑपरेशन करता येईल, पण शब्दांची, नावांची आठवण आणखी थोडी कमी होऊ शकते.

"घरच्यांपैकी काही जणांचे नाव इसरली त चालन," नवी म्हणाली. डॉक्टर हसले. बाहेर आल्यावर मात्र तिनं मला बाकावर बसवलं. "पाहा, सही तुयी हाय. तू आता मोठी हायेस. मले पुसापुसीचा कंटाळा आला, म्हणून मले हे ऑपरेशन पायजे, हे बी खरं हाय. माया कारणासाठी करू नको. तुयं कारण असन त कर."

माझं कारण होतं. मी सही केली.

ऑपरेशन नागपूरला झालं. मला आत नेलं तेव्हा बाहेर बाबा, आत्या आणि नवी होते. तिथं काय झालं ते मला पुढं बाबांनीच सांगितलं, मान खाली घालून. आत्या चार लोकांसमोर म्हणाली, "हिनंच झटके मागितले देवाजवळ. आता डोकं फोडून राहिली लेकराचं." सगळ्यांनी नवीकडे पाहिलं. नवीनं बाबांकडे पाहिलं. अकोल्याला ती काय करत होती, का करत होती, हे बाबांना पुरतं ठाऊक होतं. रोज फोनवर ती सांगत होती. आणि बाबा नवीला म्हणाले, "तू तसं म्हणायला नको होतं."

नवी तिथून उठली. डॉक्टर बाहेर येईपर्यंत ती जिन्यावर बसून राहिली.

मला त्यानंतर फिट आलेली नाही. गोळ्या चालू आहेत. कधी कधी एखादं नाव आठवायला वेळ लागतो. ऑपरेशनला वर्ष झालं, तपासणी झाली, डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. त्याच आठवड्यात नवीनं बॅग भरली. तिच्या भावांच्या मळ्यावर एक खोली रिकामी होती. ती भांडली नाही, रडली नाही. बाबांना सांगितलं, "मी जातो." ते म्हणाले, "बरं." त्यांना वाटलं, आठ दिवसांसाठी. मला मात्र तिनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

बडनेरा स्टेशनवर मी तिला सोडायला गेले. मी रागावले होते. माझ्यासाठी इतकी वर्षं राहिलीस, मग आता काय झालं, असं बरंच बोलले. ती ऐकत होती. शेवटी मी विचारलं, "तुला माझी कधी किळस नाही आली?"

"आली ना. लय डाव आली. खोटं काहून बोलू? पण तू डोळे उघडले का जाये." गाडीची घोषणा झाली, ती उठली. "तुया बाबाची बी जाईन असं वाटलं होतं मले. वर्षभर थांबली मी. नाही गेली."

गाडी आली, ती खिडकीशी बसली. "गोळ्या टायमावर घेजो," म्हणाली. गाडी मूर्तिजापूरकडे निघून गेली.

मी घरी आले तेव्हा बाबा ड्युटीवरून येऊन हातपाय धूत होते. "कधी येते म्हणाली?" त्यांनी विचारलं. मी त्यांना ताट वाढून दिलं, आणि माझं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसले.