तळ्याच्या चित्रावरचं कुंकू

कमलबाईंनी मले वाचवलं. आज पुण्यात कुंकवाची पुडी उघडली अन् ऊर्जानगरचा तो बंगला आठवला. शाळा सोडून मी तिथं कामाले लागली होती. कमलबाई स्वयंपाक करत.

भिंतीवर इंग्रजांच्या काळातलं जलरंगाचं चित्र होतं. डोंगर, खाली तळं, काठावर जाळं ओढणारी माणसं. आमच्या गावी डोंगर म्हणजे देव, म्हणून मी काचेवरून शिखराले कुंकू लावलं.

"ही करणी कोणी केली? या पोरीनंच ना? उद्याच गावी पाठवते हिला!" बंगल्याच्या मालकीण मॅडम माझ्याकडं बोट दाखवत ओरडल्या.

"करणी नाई मॅडम, डोंगर दिसला का हात जोडते हे पोरगी. येडी आये," म्हणत कमलबाईंनी पदरानं काच पुसली.

काम टिकलं. पण कितीतरी दिवस मी त्यांच्यावरच संशय घेत राह्यली. ही बाई माझ्यासाठी काऊन बोलली? बदल्यात काय मागंल? त्यांनी काहीच मागितलं नाई. त्यांचंही काम जाऊ शकत होतं, हे आता समजते.

कमलबाई, कधी तुमच्यावर कोणी असं ओरडलं, तर मीही अशीच मधात पडीन.