गाळलेले ठिपके

भट्टीचं दार उघडलं आणि दुसऱ्यांदा तेच. ताटल्या सगळ्या बदामी, गुळगुळीत, कोऱ्या. एकीवरही ठिपका नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पेणच्या पुढे, निडी स्टेशनजवळच्या एका शेडमध्ये मी सिरॅमिक टेक्निशियन होतो. आम्ही स्टोनवेअर करायचो, म्हणजे साडेबाराशे डिग्रीला भाजलेली, दगडासारखी टणक भांडी. मुंबईच्या एका हॉटेलला त्यांवर काळपट ठिपके हवे होते. मी स्वतःच्या हाताने केलेलं सॅम्पल त्यांनी पसंत केलं होतं. महिनाअखेरीला त्यांचा माणूस लॉट बघायला येणार होता. लॉट जमला नाही तर स्टोनवेअर बंद, सहा माणसं घरी, असं शेठनी आधीच बजावलं होतं.

"ठिपके गेले कुठे?" शेठनी विचारलं.

"रिडक्शन कमी पडलं असेल," मी म्हणालो.

रिडक्शन म्हणजे भट्टीत हवा मुद्दाम कमी सोडायची. मग आग मातीतल्या लोखंडाचा ऑक्सिजन ओढून घेते आणि लोखंडाचे कण ग्लेझमधून, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपातून, काळे होऊन वर येतात. ते कण मीच करायचो. धरमतरच्या खाडीत दुरुस्तीसाठी लावलेल्या मालवाहू बार्जवरून गंजाचे पापुद्रे आणायचे, धुवायचे, रव्याएवढे कुटायचे. संध्याकाळी मातीच्या टाकीत ढवळून टाकायचे आणि परत भट्टीकडे पळायचं.

आधीच घडवून ठेवलेल्या कच्च्या ताटल्या लावून तिसरी भट्टी पेटवली. डॅम्पर, म्हणजे धुराड्याची झडप, इतका दाबला की शेडभर धूर झाला. भट्टी निवायला दीड दिवस लागतो. मला बसवेना, डबा खाववेना. दर तासाला जाऊन दाराला हात लावून बघायचो. शेवटी उघडलं तर ताटल्या कोऱ्याच, वर काजळलेल्या.

आगीचा दोष नाही तर मातीचाच असणार, म्हणून डोक्यात राख घालून मी माती विभागात गेलो. सकाळच्या वेळी तिकडे मी कधी फिरकलोच नव्हतो. नाना मलमलीच्या फडक्यातून टाकीतली माती गाळत होते. नाना पेणचे, तीस वर्षं गणपतीच्या कारखान्यात शाडू मळलेले, आमच्याकडे नवीन. शेजारी पेपरावर माझे काळे कण नीट वाळत घातले होते.

"सायब, तुमच्या मातीत लय कचरा हाय," नाना म्हणाले. "मी दोनदा गाळतो. तुमाला दाखवाला ठेवलाय, पन तुमी सदा घाईत."

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. मूर्तीच्या गालावर एक खडा आला तर मूर्ती वाया, हे तीस वर्षं पाळलेला माणूस दुसरं काय करणार? मला माझीच लाज वाटली.

हातात पंधरा दिवस होते. सगळं समजावल्यावर नानांनी ते कण स्वतः मातीत मळले, पण तोंड भिंतीकडे करून. नवी भट्टी उघडली तेव्हा ताटल्यांवर ठिपकेच ठिपके होते. हॉटेलच्या माणसाने बोट फिरवून बघितलं आणि मान डोलावली. स्टोनवेअर वाचलं, सहाही माणसं राहिली.

नानांनी एक ताटली उजेडात धरली. "आमच्या पेनच्या मालकानं मला हाकलला असता," एवढंच म्हणाले.

त्या तिन्ही फसलेल्या भट्ट्यांचं तापमान मी दर अर्ध्या तासाला वहीत लिहिलं होतं. नानांना एक वाक्य सांगायला मात्र मला वेळ नव्हता.