आधी पिशवी, मग विळा

तर पिशवी अजून ताईंच्या हातातच होती आणि चाबूक धाकट्याच्या हातात, इथवर काल गोष्ट आली होती. पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागून येऊ.

ताई म्हणजे बेणेमळ्यातल्या पिशवीताई. या मळ्यात ऊस गाळण्यासाठी नाही, लावण्यासाठी वाढवतात. इथल्याच कांड्या गाड्या भरभरून लोकांच्या शेतात जातात. आता या उसाला काणी नावाचा एक रोग होतो. शेंड्यातून पान यायच्या ऐवजी लांबलचक, वाकडा चाबूकच बाहेर पडतो. वरून चंदेरी पापुद्रा, आत काजळीसारखी भुकटी. पापुद्रा फाटला की भुकटी चालली वाऱ्यावर. म्हणून ताईंचं काम असं, की सऱ्यांतून फिरायचं, चाबूक दिसला की झोपलेल्या लेकराला झबलं घालावं तशी अलगद त्याला पिशवी घालायची, तोंड बांधायचं, मगच विळा लावायचा, आणि पिशवीसकट उकळत्या पिंपात. घाईघाईने आधी विळा लावणाऱ्या बाईला त्या सरळ सांगायच्या, "तू आपली घरी जाऊन भाजी चीर."

मळ्यावरच्या रोगतज्ज्ञ बाईंनी एकदा त्यांना ती भुकटी सूक्ष्मदर्शकातून दाखवली होती.

"अगंबाई! काटेरी गोट्याच की या!"

"झोपल्यात त्या, ताई. जाड कवच पांघरून. कोरड्यात महिनोन्‌महिने अशाच पडून राहतात. उसाचा कोंब फुटायचा डोळा आणि ओल, दोन्ही मिळालं की जाग येते. मग डोळ्यातून आत शिरतात, आणि ऊस वरून अगदी छान दिसतो."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारख्या," ताई म्हणाल्या. "ताटाचा आवाज झाला की उठणार."

दोघी पोट धरधरून हसल्या. पण त्या दिवसापासून ताईंचा हात आणखीच हलका झाला.

आता धाकटा. हा ताईंचा भाऊ. सगळी उमर दुसऱ्यांच्या गाड्या हाकण्यात गेली आणि यंदा कुठे त्याला कसायला स्वतःचं रान मिळालं. सऱ्या पाडून झाल्या, पाणी सोडून झालं, भावजयीने बांधावर फुलझाडंसुद्धा लावली. फक्त बेणं तेवढं यायचं होतं, आणि लावणीचे दिवस सरत आले होते. बाकीचे तुकडे तोडून झालेले, ते बेणं आता ताईंच्याच तुकड्यातून मिळणार, म्हणून स्वारी भल्या सकाळी गाडी घेऊन हजर. पाय काही जमिनीवर ठरेनात. ताई तुकड्याच्या पार त्या टोकाला, आणि याला इकडे बांधाकडेच्या एका रोडक्या फुटव्यावर चाबूक दिसला. बहिणीची तेवढीच फेरी वाचवावी म्हणून गड्याने नुसत्या हाताने तो मोडला आणि डोक्यावर गरगर फिरवत ओरडला, "ताई, हा बघ! मीच काढला!"

ताई पिशवी घेऊन धावत आल्या तेव्हा धाकट्याच्या तोंडाचे फक्त दात पांढरे होते.

"अरे शहाण्या, हलू नकोस! हात खाली कर. खाली म्हणते ना!"

"का? रोग काढला की मी."

"काढला नाहीस, वाटलास."

त्यांनी चाबूक पिशवीत घातला, त्याचा सदरा उतरवून पिंपात टाकला आणि त्याला पंपाखाली बसवलं. परत येऊन उसाच्या एका डोळ्यावर बोट फिरवलं. बोट काळं. पुढच्या उसाचा डोळा, तोही काळा. मळ्याचा नियम असा, की ज्या तुकड्यात चाबूक फुटून भुकटी उडाली त्यातलं बेणं त्या हंगामात बाहेर जायचं नाही.

धाकटा ओल्या अंगाने मागे येऊन उभा राहिला. नियम त्यालाही ठाऊक होता.

"ताई, बघितलं कुणी नाही."

"मी बघितलं."

"अगं, तू म्हणजे घरचीच की! माझंच रान आहे, माझंच नुकसान होईल. होईल तेव्हा होईल. पण आज रिकामा गेलो तर वर्ष गेलं माझं. बायको दारात उभी असेल."

भावजयीचा चेहरा ताईंच्याही डोळ्यांपुढे होता. त्याच भावजयीला त्यांनी परवा शब्द दिला होता, की सगळ्यात जाडजूड ऊस तुझा. आणि ऊस होताही जाडजूड. पण रान त्याचं असलं तरी त्याच्या बांधाला लागून दुसऱ्यांची रानं होती, आणि वाऱ्याला बांध कळत नाही.

तेवढ्यात तोडीची माणसं घेऊन मुकादम आले. माणूस भला, पण पाहुण्यांसमोर आवाज चढवून बोलायची सवय. "काय ताई, भाऊराय आलेत वाटतं! आंघोळसुद्धा इथंच? बरं, तुकडा साफ आहे ना? लावू माणसं तोडीला?"

धाकटा पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. ताईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या,

"नका लावू, मुकादम. चाबूक फुटलाय, आणि फोडणारा हा इथं उभा आहे, तोंड धुतलंय म्हणून ओळखू येत नाही. त्याची गाडी आज रिकामी जाऊ दे. रान रिकामं राहू नये म्हणून त्याच्या सऱ्यांत चवळी टाकायला उद्या मी स्वतः जाते. भावजय चार शब्द बोलेल, ते ऐकून घेईन. पण पुढच्या हंगामात पहिलं बेणं त्याचं, हे आत्ता सगळ्यांसमोर कबूल करा बघू."