रताळ्यांवरचा गूळ

बाळांनो, परवा फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, सगळ्यांच्या घरी थँक्सगिव्हिंगला रताळ्यांवर मार्शमेलो असतात. आपल्याकडेच गूळ-खोबरं का?" तिने आधी आईला विचारलं होतं, आणि आईने नेहमीसारखं "आजीला विचार" म्हणून अंग काढून घेतलं. तुमच्या आईला सगळं आठवतं. ज्या जेवणापासून हे सुरू झालं, त्या टेबलाशी तीही बसली होती, दहा वर्षांची. पण सांगायला लागली की तिला हसू फुटतं, आणि मला अजून धस्स होतं. यंदा तुमच्याकडे पहिल्यांदाच शाळेतले मित्र जेवायला येणार आहेत. तेही हेच विचारतील. म्हणून सुरुवातीपासून, नीट लिहून पाठवते आहे.

ही गोष्ट १९९८ची. आम्ही अमिरातीत, अल ऐनला राहत होतो. आजोबा तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, मी एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. बैठ्या घरांची रांग होती, दोन अंगणांच्या मध्ये कमरेइतकी भिंत. पलीकडे विद्यापीठात शिकवणारी एक अमेरिकन बाई आणि तिचा नवरा. त्या वर्षी तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. गाडीशिवाय तिथे कुठे जाता येत नसे. आम्ही सगळे सकाळी बाहेर पडलो की त्या एकट्या. "इथे भांडायलासुद्धा माणूस नाही," असं त्या आल्या आल्याच म्हणाल्या.

मग भिंतीवरून मैत्री झाली. कॉलेजला जाण्याआधी शेजारीण झाडांना पाणी घालायची, त्याच वेळी सासूबाई तुळशीला. सासूबाई मराठीत बोलायच्या, ती इंग्रजीत, आणि दोघींचं अगदी व्यवस्थित चालायचं. सासूबाईंनी तिला तुळशीचं रोप दिलं. तिने रोझमेरीची कुंडी दिली. सासूबाईंनी पान चुरडून वास घेतला आणि ती निलगिरीची धाकटी बहीण असल्याचा निकाल दिला. संध्याकाळी त्या मला सांगायच्या, "आज तिच्या नवऱ्याची पाठ धरलीये." हे त्यांना कसं कळायचं, देव जाणे. खरंच धरलेली असायची.

नोव्हेंबरात तिने आम्हा सगळ्यांना थँक्सगिव्हिंगचं आमंत्रण दिलं. गुरुवारी दुपारी तीन वाजता. गुरुवार-शुक्रवार सुट्टीच, म्हणून मी लगेच हो म्हटलं. घरी येऊन दिनदर्शिका पाहिली आणि कपाळावर हात मारला. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार!

सासूबाईंचं महालक्ष्मीचं व्रत असायचं. सकाळी घट मांडायचा, दिवसभर उपास, संध्याकाळी पूजा करून, नैवेद्य दाखवून सोडायचा. तुमच्या आजोबांना लहानपणी विषमज्वर झाला होता तेव्हा तापलेलं पोर मांडीवर घेऊन त्यांनी घट मांडला होता. पोर वाचलं ते या व्रतामुळे, यात त्यांना तिळभर शंका नव्हती. त्यानंतर एकही गुरुवार त्यांनी मोडू दिला नव्हता.

मला वाटलं, त्या येणार नाहीत. तर त्या म्हणाल्या, "कसला सण आहे?"

"देवाचे आभार मानतात, आई. पीक आलं म्हणून."

"म्हणजे नवान्न. मग नाही कसं म्हणायचं? उपासाचं काही असेल तर खाईन, नाहीतर नुसती बसेन."

मी शेजारणीला जाऊन उपास समजावला. तिने फार मनावर घेतलं. सासूबाईंसाठी तिने काचेची नवी कोरी डिश आणली, मांसाचा स्पर्श न झालेली. वेगळं छोटं टेबल मांडायचं ठरवलं, टर्कीकडे, म्हणजे त्या सणाला अख्खा भाजतात त्या पक्ष्याकडे, पाठ येईल असं. आणि विचारलं, "रताळी चालतील? फक्त रताळी, लोणी, साखर, वर मार्शमेलो." रताळी तर उपासाचीच. मार्शमेलो मी दुकानात पाहिले होते, पांढरे, मऊ, म्हातारीच्या केसांची घट्ट गाठोडी बांधावीत तसे. साखरेचाच प्रकार, असं मी धरून चालले.

गुरुवारी आम्ही लाल भोपळ्याचे घारगे आणि कोकम सरबताची सुरई घेऊन गेलो. तिच्या घरी लाल भोपळ्याचंच सारण भरून भाजलेला गोड 'पाय' होता. एकाच भोपळ्याची दोन सोंगं शेजारीशेजारी ठेवली गेली. सफरचंदाच्या रसात दालचिनी-लवंग घालून उकळलं होतं. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "काढाच आहे. रोग्याचे लाड करणारा." एवढ्यात यजमानाने टर्की आणली. मी आयुष्यात तेवढा मोठा पक्षी ताटात पाहिला नव्हता. सासूबाईंनी मान वळवून एकदाच पाहिलं, "अगं बाई, हे तर बारशाच्या बाळासारखं निजलंय!" म्हणाल्या आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

रताळी मात्र त्यांना फार आवडली. वरचा थर भट्टीत फुगून सोनेरी झाला होता. त्यांनी मागून घेऊन दुसऱ्यांदा खाल्ली. शेजारीण आनंदाने लाल झाली.

आमच्याशिवाय आणखी एक जोडपं आलं होतं. त्यातली पॅलेस्टिनी बाई शेजारणीबरोबर शिकवायची. डिश तिच्याकडे गेली तेव्हा तिने हळूच विचारलं, "हे मार्शमेलो मी खाऊ शकते ना?"

"अगदी निर्धास्त खा!" शेजारीण म्हणाली. "नेहमीच्यात डुकराच्या हाडा-कातड्याचं जिलेटिन असतं, म्हणून मी मुद्दाम दुबईपर्यंत जाऊन हे शोधून आणले. हलाल. पूर्ण बीफ!"

माझा पेला ओठांपाशीच थांबला. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. तुमची आई खुर्चीतून उठून ओरडली, "आजी, डोन्ट ईट इट! स्टॉप!"

सासूबाईंच्या चमच्यात अजून घास होता. त्यांनी तो खाली ठेवला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण एक शब्द त्यांनी बरोबर उचलला होता.

"बीफ म्हणजे तेच ना गं?"

माझं तोंड बघून त्यांना कळलं. त्यांचं बघून शेजारणीला. "ओ नो," ती म्हणाली, आणि तिच्या हातातला मोठा चमचा गालिच्यावर पडला. सासूबाई उठल्या, पदर खांद्यावर घेतला, कोणाकडेही न बघता घरी गेल्या. मी मागे धावले. त्यांनी गुळण्या केल्या, डोक्यावरून अंघोळ केली आणि ओल्या केसांनी घटासमोर जाऊन बसल्या. संध्याकाळची पूजा केली नाही. जेवल्या नाहीत.

आजोबा म्हणाले, "आई, पुण्याला गुरुजींना फोन लावतो. नकळत घडलं, दोष नाही असंच सांगतील."

"गुरुजींनी खाल्लं का? मी खाल्लंय. दोनदा मागून." मग त्यांचा आवाज फुटला. "तुझ्यासाठी धरलेलं होतं रे ते."

शुक्रवारी त्या अंगणात गेल्या नाहीत. शनिवारीही नाही. भिंतीपलीकडे शेजारीण पाण्याचा पाइप धरून उभी असायची, आमच्या दाराकडे बघत. तुळशीचं पाणी मी घातलं. ती मला म्हणाली, "त्या मला कधी माफ करतील?" मला वाटत होतं, नाही करणार. त्यांनी लांबच्या जावेलासुद्धा एका लोणच्यावरून आयुष्यभर माफ केलं नव्हतं.

शेवटी मीच विषय काढला. "आई, तिला वाटतंय तुम्ही तिच्यावर रागावलात."

"रागावलेच आहे. पण तिच्यावर कशाला? तिने त्या दुसऱ्या बाईचं सोवळं सांभाळलं. एवढ्या लांब जाऊन आणलं बिचारीने. माझं सोवळं तिला कुणी सांगायचं? तू. शाळेत पोरांना इंग्रजी शिकवतेस, आणि सासूच्या पानात काय पडतंय ते तुला विचारता येईना!"

 

खरा धक्का पुढच्या गुरुवारी बसला. सकाळी सासूबाईंनी घट नव्याने मांडला. "मोडलं ते मोडलं. आजपासून पहिला," एवढंच म्हणाल्या. मग रताळी, गूळ, खवलेला नारळ आणि तुपाची वाटी पिशवीत भरून त्या दाराबाहेर पडल्या. मला वाटलं, या आता कुठे निघाल्या? त्या शेजारणीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. तिने दार उघडलं तर सरळ आत, स्वयंपाकघरात. टर्की भाजलेल्या त्याच भट्टीकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "ही पेटवायला सांग."

"आई, इथे? उपासाचं?"

"मग उपासाची रताळी तिला कशी कळणार?"

काचेची डिश त्यांनी चिंचेने स्वतः घासली. रताळी कुस्करली, तूप घातलं, वर गूळ-खोबऱ्याचा थर दिला. प्रत्येक वेळी शेजारणीचं मनगट धरून मराठीत सांगायच्या, "हे बघ. एवढं. खलास. वर काही नको." ती रडतही होती आणि मानही डोलवत होती. गूळ वितळून कडेला खरपूस झाला तेव्हा सासूबाईंनी तिला पॅलेस्टिनी मैत्रिणीलाही फोन करायला लावला. "तिलाही हे चालेल. विचार."

ती आली, आणि तिला चाललं. त्या दुपारी तिघींनी एकाच डिशमधून रताळी खाल्ली आणि मी दारात उभी राहून पाहत होते. सोवळ्याचं पाणी मला धड भरू न देणाऱ्या माझ्या सासूबाई! संध्याकाळी त्यांनी पूजा केली आणि उपास सोडला.

पुढच्या वर्षी थँक्सगिव्हिंगला सासूबाई पुण्यात होत्या. शेजारणीने रताळी केली, वर गूळ-खोबरं घातलं. अमेरिकेला परत जाताना तिने डिश आम्हाला देऊन टाकली. आता पणजी नाही. शेजारणीची पत्रं यायची तीही थांबली.

ती डिश तुमच्या आईच्या कपाटात, खालच्या फळीवर आहे. एका कानाचा टवका उडालाय. थँक्सगिव्हिंगची रताळी अजून तिच्यातच भाजली जातात, आणि वर गूळ-खोबरं असतं.