आत्याचा चष्मा, अण्णांचा हात आणि बंगलोरचे चार दिवस

बंगलोरला जायचं कारण लोकांना सांगितलं की हसायचे. कुणी बागा बघायला जातं, कुणी रेशमी साड्या आणायला. मी निघाले होते माझ्या आत्याचे डोळे फोटोत आणायला. गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे. तेव्हा बंगलोरचं बेंगळुरू झालं नव्हतं, आणि फोटो बरा आलाय की वाईट हे रोल धुऊन येईपर्यंत कळत नसे.

आत्याचं पत्र आलं, "अण्णांची साठी करतोय. परत लग्न लावतात आमचं! तू कॅमेरा घेऊन ये. पण या वेळी फोटो चष्म्यासकट आणि डोळ्यांसकट पाहिजे." अण्णा म्हणजे तिचे यजमान. ते मूळचे बेळगावचे, नोकरीमुळे बंगलोरला गेले आणि राजाजीनगरमध्ये कायमचे स्थिरावले. आत्याचा चष्मा लहानपणापासूनचा, आणि भिंगं बाटलीच्या बुडासारखी. लग्नात आजीनं तो काढून ठेवायला लावला होता, चष्म्याची नवरी म्हणून कुणी नावं ठेवायला नकोत! त्यामुळे त्यांच्या लग्नाच्या फोटोत अण्णा ऐटीत कॅमेऱ्याकडे बघतायत आणि आत्या मांडवाच्या खांबाकडे. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत चष्मा आहे, पण फ्लॅशमुळे भिंगं पांढरी फटक. "तोंडावर दोन बशा ठेवल्यासारख्या," असं तीच म्हणायची.

यावर उपाय मी एका मासिकात वाचला होता. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूला, उंचावर न्यायचा, म्हणजे चकाकी भलतीकडे जाते. बाजूच्या फ्लॅशला कॅमेऱ्यापासून वायर नेण्याचीही गरज नाही. त्याला काडेपेटीएवढा एक 'स्लेव्ह' जोडायचा. त्याला एक डोळा असतो. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश उडाला की तो डोळा ते बघतो आणि आपला फ्लॅशही त्याच क्षणी उडवतो. आमच्या सांगलीत हा स्लेव्ह मिळेना. बंगलोरला मिळेल, असं स्टुडिओवाल्यानं सांगितलं.

संध्याकाळची बस धरली. तुम्ही जाणार असाल तर मागच्या सीटवर मुळीच बसू नका. हुबळीपर्यंत माझ्या पाठीचे मणके मोजून झाले. सकाळी तुमकूरच्या अलीकडे इडली-वडा आणि पितळी वाटीतली कॉफी मिळाली, तेव्हा कुठे मी माणसात आले. मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर उतरले तर रिक्षावाला म्हणाला, "राजाजीनगरा? स्वल्प जास्ती कोडी, अक्का." थोडे जास्त द्या, हे न शिकताच कळलं. सकाळची हवा इतकी गार होती की मी घासाघीस न करताच बसले.

दुपारी अण्णांबरोबर जाऊन स्लेव्ह आणला. बंगलोरला मी पहिली खरेदी केली ती ही, आणि साडीपेक्षा तिचाच आनंद जास्त झाला. लगेच घरी हॉलमध्ये प्रयोग सुरू झाले. आत्याला खुर्चीत बसवलं, अण्णांच्या हातात टॉर्च दिला आणि मी कॅमेऱ्यातून बघत राहिले. टॉर्च जिथे धरल्यावर चष्म्यात दिसत नाही, तिथेच फ्लॅश ठेवायचा. नव्यानं शिकणाऱ्यांनो, ही युक्ती लक्षात ठेवा, रोल वाचतो.

"अजून वर, अण्णा. डावीकडे."

"मी माणूस आहे की शिडी?" अण्णा म्हणाले, पण हात वर गेला.

"अंतरपाट खाली आला ना, तेव्हा मला समोर नुसता पिवळा पंचा दिसला होता," आत्या सांगत होती. "नवरा कसा आहे ते दुसऱ्या दिवशी चष्मा घातल्यावर कळलं."

"आणि तोवर उशीर झाला होता की!" अण्णा म्हणाले.

जागा सापडली तशी टॉर्च ठेवून अण्णांनी तिथेच स्लेव्ह जोडलेला फ्लॅश धरला. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश मी छताकडे वळवला, म्हणजे त्याचा उजेड चष्म्यात शिरणार नाही. बटण दाबलं आणि दोन्ही फ्लॅश एकदम उडाले. मी अक्षरशः टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी रोल धुऊन आणला, तर आत्याचे डोळे स्वच्छ दिसत होते! फक्त मान अवघडलेली आणि चेहरा पासपोर्टसारखा. खरा फोटो अंतरपाट खाली येतानाचाच काढायचा, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी बनशंकरीतल्या एका छत्रात कार्य होतं. लग्नकार्याच्या हॉलला तिकडे छत्र म्हणतात. मी पहाटेच जाऊन फ्लॅश खांबाला सुतळीनं उंच बांधून ठेवला. नऊच्या सुमारास पुण्याचे आणि बेळगावचे पाहुणे जमले, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा! कुणीही फोटो काढला की खांबावरचा माझा फ्लॅशही उडायचा. पोरं खिदळायची, मीही हसत होते. त्या स्लेव्हला बिचाऱ्याला मालक कोण हे कळत नाही, कुणाचाही फ्लॅश दिसला की तो हुकूम पाळतो. घरी आमच्याकडे एकच कॅमेरा होता, त्यामुळे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मंगलाष्टकं संपली. अण्णा म्हैसुरी पेटा घालून ताठ उभे. अंतरपाट खाली आला, आत्यानं वर बघितलं, आणि चहूकडून फ्लॅश उडाले. दुसऱ्या कुणाच्या तरी पहिल्याच फ्लॅशबरोबर माझा खांबावरचाही उडाला. सकाळभर उडून सेल आधीच अर्धमेले झाले होते, तो लगेच परत उडेना. मी बटण दाबलं तेव्हा खांब अंधारात होता. एवढ्या लांबून ज्या एका क्षणासाठी आले, तो माझ्या डोळ्यांदेखत गेला होता.

आशीर्वाद, नमस्कार आटोपल्यावर आत्यानं हळूच विचारलं, "आला का गं?"

"नाही आला, आत्या."

ती थोडा वेळ चष्मा पदरानं पुसत राहिली. मग म्हणाली, "असू दे. मला दिसले की या वेळी. केस सगळे पांढरे झालेत गं त्यांचे." हसली, पण मला ते हसणं बघवेना.

अण्णा ऐकत होते. "स्वल्प थांब. पंगत बसू दे."

पंगत बसली. बिसीबेळेभाताच्या वासानं हॉल रिकामा झाला, आणि त्याबरोबर सगळे कॅमेरेही गेले. मी नवे सेल घातले. आत्या खिडकीपाशी उभी राहिली, पण तिथे बांधायला खांब नव्हता. अण्णांनी माझ्या हातातून फ्लॅश घेतला. कुठे धरायचा ते विचारलंसुद्धा नाही. पेटा, हार, उपरणं सांभाळत हात वर केला, थोडा डावीकडे.

"आत्या, इकडे बघ. कॅमेऱ्यात."

ती अण्णांकडेच बघत होती. त्यांचा पेटा एका कानावर आला होता.

"माझ्याकडं काय बघतीस? तिकडं बघ की!"

"बघू द्या हो," आत्या म्हणाली. "गेल्या वेळचं राहिलंय."

मी बटण दाबलं. अण्णांच्या हातातला फ्लॅश उडाला.

उरलेला रोल चौथ्या दिवशी लालबागेत संपवला. बाग सकाळी लवकर गाठा, गर्दी नसते आणि झाडांखाली उजेड छान मऊ असतो. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी काय बघितलं ते मला आठवत नाही. सगळा जीव त्या एका फोटोत अडकला होता.

सांगलीला येऊन रोल धुतला. स्टुडिओवाला तो फोटो हातात धरून म्हणाला, "या बाई कुणाकडे बघतायत हो?" भिंगं पाण्यासारखी स्वच्छ, मागे डोळे, बुबुळात फ्लॅशच्या उजेडाचा इवलासा पांढरा ठिपका, आणि त्या डोळ्यांत असं काही की मी दुकानातच रडले.

आज माझ्याकडे रेडिओवर चालणारे ट्रिगर आहेत. ते दुसऱ्या कुणाच्या फ्लॅशला भुलत नाहीत. तरी माणसाचा फोटो काढायचा असला की मी फ्लॅशचा स्टँड पिशवीतच ठेवते आणि विचारते, उजेड कोण धरणार? बहुतेक वेळा घरातलं कुणीतरी पुढे येतं.

तो फोटो पोस्टानं पोचला तेव्हा मी एसटीडी बूथवरून आत्याला फोन केला होता. ती म्हणाली, शेजारीपाजारी विचारतात, साठी अण्णांची आणि फोटोत ते कुठे आहेत? मागून अण्णांचा आवाज आला, "त्यांना सांग, डोळ्यात तो पांढरा ठिपका दिसतोय की नाही? तो मी."