सुतकातली तारीख

खंडोजीअण्णांनी आयुष्यात अकरा जणांना जामीन दिला. त्यातल्या दहा जणांनी त्यांचा शब्द राखला. अकराव्याची गोष्ट सांगायला मला जड जातं, कारण तिच्यात मीही आहे.

अण्णा सरकारी छापखान्यात बाइंडर होते. चामराजपेटेत आमच्या शेजारचं दोन खोल्यांचं घर त्यांच्या नावावर होतं, आणि त्याची घरपट्टीची पावती दाखवली की मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात जामीन मंजूर व्हायचा. पैसे घेऊन जामीन राहणारे कोर्टाच्या दारात ढीगभर असतात. अण्णा चहासुद्धा घेत नसत. सही करण्याआधी ते त्या माणसाला घरी देवापुढे बसवत, तळहातावर खंडोबाचा भंडारा ठेवत आणि म्हणायला लावत, "प्रत्येक तारखेला येईन." मग तारखेच्या दिवशी सकाळी आठला छत्री घेऊन स्वतःच त्याच्या दारात हजर होत आणि त्याला सिटी बसने कोर्टात नेत. आत शिरताना चपला बाहेर काढत. न्याय होतो ते देवाचं ठिकाण, असं त्यांचं म्हणणं. मी त्रिविक्रम वकिलांकडे टायपिस्ट होते, त्या ठिकाणी देव कितपत राहतो ते रोज बघत होते, त्यामुळे मला हसू यायचं.

"घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजतात," असं त्यांची बायको, जमनाअक्का, आल्यागेल्याला सांगायची. पण निघताना छत्री तीच हातात द्यायची.

अकरावा दत्ता. अण्णांच्या वारलेल्या दोस्ताचा, विठोजीचा, मुलगा. बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्याची व्हॅन चालवायचा. होसूर रोडवर त्याच्या व्हॅनखाली एका सायकलवाल्याचा पाय मोडला आणि खटला उभा राहिला. अण्णांनी दहा हजारांचा जामीन दिला. चार तारखा छत्रीसह पार पडल्या. पाचवी होती १९९६च्या जुलैत, आणि तिच्या तीन दिवस आधी दत्ताची आजी, सोयराबाई, गेली.

दत्ता तारखेला निघायला तयार होता. अण्णांनीच त्याला अडवलं. "सुतकात तिथं पाय ठेवायचा नाही. दहा दिवस गप घरात बस." मग मला हाक मारली. "रम्या, वकिलांना सांग गं. पोराला सुतक आहे."

आरोपी येऊ शकत नसेल तर गैरहजेरी माफीचा अर्ज द्यावा लागतो. असले अर्ज मी दिवसाला चार-पाच टाइप करत होते. ताप, लग्न, बस चुकली, काहीही कारण चालायचं. पण सुतक टाइप करायची गोष्ट आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्यात सुतक तोंडीच कळवतात, आणि ऐकणारा मान डोलावतो. वकील त्या दिवशी म्हैसूरला गेले होते. मी व्हरांड्यात कोर्टाच्या कारकुनाला गाठून सांगितलं. तो "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाला आणि फायली घेऊन आत गेला. मला वाटलं, झालं काम.

दत्ताच्या नावाचा तीनदा पुकारा झाला. कोणी नाही. दत्तावर पकड वॉरंट निघालं आणि अण्णांनी सही करून दिलेला हमीचा कागद, जामीनकतबा, जप्त झाला. मग त्यांना नोटीस आली की दहा हजार का वसूल करू नयेत, याचं कारण दाखवा. गोऱ्या साहेबाच्या वेळची ही रीत अजून तशीच चालते.

सुतकाच्या नवव्या दिवशी पोलीस दत्ताच्या दारात उभे राहिले. तो मागच्या भिंतीवरून पळाला, तो गेलाच.

नोटिशीच्या दिवशी अण्णा चपला काढून उभे राहिले. मॅजिस्ट्रेट वाईट नव्हते. त्यांनी कन्नडात विचारलं, "तुमचा माणूस का आला नाही?"

"सुतक होतं, स्वामी."

"मग अर्ज का दिला नाही?"

त्रिविक्रम वकिलांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझी नोकरी सात महिन्यांची, घरात तेवढा एकच पगार. अण्णांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"चूक माझी, स्वामी. येऊ नको असं मीच म्हटलं. कुणाला कळवायचं राहून गेलं."

मी गप्प राहिले. आजवर गप्पच राहिले.

मॅजिस्ट्रेटांनी महिन्याची मुदत दिली. आरोपीला हजर केलंत तर बरीचशी रक्कम माफ करू, म्हणाले. अण्णा होसूरला जाऊन आले, कृष्णगिरीला दत्ताच्या मावशीकडे जाऊन आले. बाकीचे दिवस रोज सकाळी आठला दत्ताच्या बंद दारासमोर छत्री घेऊन बसले. भंडारा हातावर घेऊन बोललेलं पोर येणारच, असं सगळ्यांना सांगत होते. महिना संपला. दत्ता आला नाही.

दहा हजार भरण्यात अक्काच्या पाटल्या गेल्या, घर राहिलं. पण त्यानंतर गल्लीतलं कुणी अण्णांकडे जामिनाला आलं नाही. त्यांचा माणूस पळाला होता ना. ज्या दहा जणांना त्यांनी सोडवलं होतं, तेही रस्ता ओलांडून जायला लागले. मला अशा माणसांची चीड येते, आणि मग आठवतं की मीसुद्धा मान खाली घालूनच त्यांच्या दारावरून जात होते. भंडाऱ्याचा डबा त्यांनी फळीवर पालथा घातला. पुढच्या माघात झोपेतच गेले.

तिसऱ्या दिवशी मी अक्काजवळ बसले होते. दहांपैकी एकीचा, भाजीवाल्या गंगव्वाचा, खटला अजून चालू होता, आणि तिचे जामीनदार अण्णाच होते. दुसऱ्या दिवशी तिची तारीख होती, आणि जामीनदार वारला तर कोर्टाला कळवावं लागतं. मी म्हटलं, "अक्का, काळजी करू नका. अण्णा गेले म्हणून मी कोर्टात सांगते."

अक्का तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"तोंडी सांगू नको, रम्या," ती म्हणाली. "या खेपेला कागदावर दे."

मी ऑफिसात जाऊन अर्ज टाइप केला. त्याला दोन मिनिटं लागली.